मोठ्याला हात लावायचा नाही

आमच्या टीव्हीखालच्या कपाटात एक काळं डबडं आहे. पाहुणे विचारतात, हे काय, आणि मी सांगते, दादाची कृपा. दिवसभर ते आत बसून घुं घुं करत असतं. सुरुवातीला त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. मग सवय झाली, आणि पुढे तर अशी वेळ आली की तो आवाज थांबला म्हणून मला घरात एका जागी बसवेना.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पुण्याला बँकेत असतो, आणि कॉम्प्युटर हा त्याचा नाद. गेल्या वर्षी तो पूजा बघायला म्हणून कोलकात्याला आमच्याकडे आला आणि पूजा सोडून सगळं केलं. अख्खं शहर नवे कपडे घालून मंडपांतून फिरत होतं, आणि हा माणूस बाजारातून एक मोडीत निघालेला कॉम्प्युटर आणि एक नवी मोठी डिस्क उचलून आणून अष्टमीच्या दिवशी माझ्या टेबलाखाली पालथा पडला होता. दसऱ्यापर्यंत त्याने त्याचा सर्व्हर केला. म्हणजे घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, गाणी त्या डबड्यात, आणि तिथून टीव्हीवर, फोनवर, पाहिजे तिथे बघा. मी म्हटलं, हे सगळं हल्ली इंटरनेटवर ठेवतात ना, क्लाउडवर? तर म्हणाला, "दुसऱ्याच्या ढगात आपला बाप कशाला ठेवायचा?"

कारण खरी गोष्ट ती होती. त्या डबड्यात बाबा होते.

बाबांची फिरतीची नोकरी होती. आठवडाभर बाहेर, रविवारी सांगलीला घरी. त्यांनी एक छोटा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि दर रविवारी जेवण झालं की ते पलंगावर मांडी घालून, घसा साफ करून, रेडिओवरच्या निवेदकाच्या थाटात घरच्या बातम्या वाचायचे. "नमस्कार. घरच्या बातम्या. मांजरीला पिल्लं झाली असून ती कोळशाच्या पोत्यात आहेत. चिरंजीवांना गणितात किती गुण मिळाले हे सांगण्यास त्यांनी नकार दिला आहे." मी आणि दादा तोंडात बोळे कोंबून हसायचो. शेवटी बाबा म्हणायचे, "आता ऐकू या स्वयंपाकघरातून आमच्या वार्ताहर." आणि रेकॉर्डर धरलेला हात स्वयंपाकघराकडे लांब करायचे. आतून भांड्यांचा आवाज यायचा आणि आई ओरडायची, "मला वेळ नाही!" मग बाबा अगदी गंभीरपणे म्हणायचे, "बरं. नोंद घेतली आहे. आता हवामान."

दर रविवारी हेच. आईने एकदाही बातमी दिली नाही. ती म्हणायची, "त्या डबीत बोलायला मला लाज वाटते मेली."

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. सांगलीचं घर, तीन खोल्या आणि मागे पेरूचं झाड, कुलूप लावून बंद. माझा नवरा रेल्वेत, बदलीची नोकरी, पण कोलकात्यात आमचं बस्तान बरंच लांबलंय. गार्डन रीचला क्वार्टर आहे, मागच्या गॅलरीतून नदी दिसते, जहाजांचे भोंगे ऐकू येतात. मी खिदिरपूरला एका कंपनीत जहाजाने येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघते. मुलगी अकरावीत. आईला इथे करमत नव्हतं. भाषा नाही, माणसं नाहीत, भाकरीला ज्वारी धड मिळत नाही. पण दादाने त्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून सर्व्हरवर टाकल्या आणि माझ्या मुलीने टीव्हीवर आजोबांच्या नावाचं एक चौकोनी बटण करून दिलं. तेव्हापासून आई दुपारी झोपून उठली की चहाचा कप घेऊन बसायची, बटण दाबायची आणि बाबा तिला कुठल्यातरी जुन्या रविवारच्या बातम्या सांगायचे. ती कपाळाला आठ्या घालून ऐकायची. मधेच म्हणायची, "खोटं आहे हे. पिल्लं कोळशात नव्हती, माझ्या शालीत होती." पण तेवढा तासभर ती कोलकात्यात नसायची, आणि मग उरलेला दिवस तिला निभावता यायचा.

ऐन भाद्रपदात, कॉलनीच्या मैदानात मंडपाचे बांबू येऊन पडायला लागले होते तेव्हा, एका दुपारी मी सुट्टी घेऊन घरी होते आणि मला एकदम चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय चुकलंय ते कळेना. गॅस बघितला, नळ बघितला. मग लक्षात आलं, घुं घुं बंद आहे.

मी टीव्हीला जोडून बघितलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की बूट करण्याजोगं काही सापडत नाही. दादाला फोन केला तर आधी त्याने विनोद केला. "बूट होत नाही? चप्पल घालून बघ." मी म्हटलं, "दादा, मी पुण्याला येऊन तुला चपलेने मारीन." मग तो ताळ्यावर आला.

त्याने सांगितलं त्यातलं मला समजलं ते असं. सगळा माल मोठ्या डिस्कवर होता, पण मशीन ज्याच्या जोरावर उठतं ती सिस्टम त्याने एका पेन ड्राइव्हवर ठेवली होती, मागे खोचलेल्या. तो मेला होता. म्हणजे गोदामात माल आहे, पण कुलूप उघडणारा माणूस गेला. या शहराची हवाच अशी. मिठाचं पाणी होतं, पापड वाकतात, कपाटातले बूट हिरवे होतात, मग त्या बोटभर पेन ड्राइव्हनेच काय घोडं मारलं होतं?

"माल शाबूत असेल ना?" मी विचारलं.

"असायला हवा."

"असायला हवा म्हणजे? आणि तुझ्याकडे कॉपी आहे ना?"

दादा म्हणाला, "माझ्याकडे? तुझ्या लॅपटॉपवर आहे ना?"

माझ्याकडे आहे असं त्याला वाटत होतं, आणि त्याच्याकडे असणारच असं मी धरून चालले होते. कॅसेटींना बुरशी आली म्हणून त्या केव्हाच फेकल्या होत्या. म्हणजे बाबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, त्या मुक्या डबड्यात.

आई चहा घेऊन आली आणि बटण दाबायला लागली. मी पटकन म्हटलं, "आई, नेट गेलंय."

"तुझा फोन चालतोय की."

"तो वेगळा."

मग रोज तेच सुरू झालं. आई उठायची, चहा घ्यायची, माझ्याकडे किंवा नातीकडे बघायची. आम्ही म्हणायचो, नेट गेलंय. आणि दादा म्हणत होता, घाई करू नकोस, रविवारी मी निवांत असतो, तोवर कशालाही हात लावू नकोस. मला दम निघत नव्हता. दादाचं ऐकेन ती मी कसली? दुसऱ्याच दिवशी मी ती डिस्क काढून एका केबलने लॅपटॉपला लावली. तर लॅपटॉप म्हणाला, ही डिस्क मला वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? मी ते दादाला फोनवर वाचून दाखवलं तर तो बँकेत बसल्या बसल्या इतक्या जोरात "नको!" म्हणून किंचाळला की तिथले ग्राहक नक्की दचकले असतील. "बटणावरचं बोट काढ! फॉरमॅट म्हणजे सगळं साफ!" मी बोट काढलं, डिस्क काढली आणि जिथल्या तिथे लावली.

माझा स्वभाव असा आहे की काळजी लागली की मी बसत नाही. मी घर आवरायला काढते. त्या आठवड्यात मी मसाल्याचे डबे धुतले, पडदे धुतले, धुतलेले पडदे पुन्हा धुतले. ऑफिसात एका मालाच्या कागदावर बंदराचं नावच चुकीचं टाकलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली. आणि रोज संध्याकाळी गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन, आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात दादाशी बोलत येरझाऱ्या घालायचे. त्याचा बेत पक्का झाला होता. "पेन ड्राइव्हची भानगडच नको आता. डिस्कवर मी पुढेमागे लागेल म्हणून थोडी जागा वेगळी काढून ठेवलीय. छोटं पार्टिशन. ते रिकामं आहे. सिस्टम त्याच्यावर टाकू, मशीन तिथूनच बूट होईल. फक्त एक लक्षात ठेव, मोठ्याला हात लावायचा नाही. मोठ्यात बाबा आहेत." तो हे इतक्यांदा म्हणाला की मी भाजी चिरताना पुटपुटायला लागले, मोठ्याला हात लावायचा नाही, मोठ्याला हात लावायचा नाही.

इकडे आईचं काहीतरी बिनसलं. ती बटणाकडे बघेनाशी झाली. नेटचं विचारेना. जेवताना पानात थोडंसं घ्यायची आणि म्हणायची, "पुरे मला." मी काही विचारलं की "तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा." आई आणि असं बोलणं? ही बाई उभा जन्म स्वतःला सोयीचं पडेल तसं आम्हा सगळ्यांना करायला लावत आली! एकदा मी खोलीत गेले तर ती बॅग उघडून साड्यांच्या घड्या घालत होती. "मला सांगलीला सोडून ये," म्हणाली. "एकदा घर बघते." मला वाटलं, बाबांचा आवाज नाही म्हणून हे चाललंय. मी आणखी घाबरले. तो आवाज परत आलाच नाही तर हिला मी काय सांगणार होते?

शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर जिन्यातच माशीमांनी मला अडवलं. माशीमा म्हणजे आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई. मुलाकडे राहतात, मूळच्या उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारच्या. वयाने आईएवढ्याच. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी मोडक्या हिंदीत रोज गप्पा असतात. आम्ही मराठी म्हणून त्या लाडाने आम्हाला 'बर्गी' म्हणतात, कारण बर्गी म्हणजे त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना घाबरवायला आलेले मराठे घोडेस्वार, आणि त्या काळचा खंदक त्यांच्याच माहेराजवळून सुरू होत होता म्हणे. पण त्या दिवशी माशीमांच्या बोलण्यात लाडबीड नव्हता.

"माँ अभी बैठा है," त्या म्हणाल्या, "और तुम लोग पार्टिशन करता है? छी छी!"

मी म्हटलं, "पार्टिशन? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दीदी रो रहा था. हमको सब बोला." दीदी म्हणजे आमची आई. मग त्यांनी बंगालीत सुरू केलं. बागबाजारचं त्यांचं माहेर, काकांनी कोर्टात पार्टिशनचा दावा लावला, अंगणाच्या मधोमध भिंत आली, ठाकूरघर म्हणजे देवघर एकीकडे आणि विहीर दुसरीकडे. त्यांची आई मरेपर्यंत त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. "लूटपाट किया, अब भाग करेगा," त्या म्हणाल्या, "बर्गी!" आणि दार लावून घेतलं.

या शहरात पार्टिशन हा शब्द जपून उच्चारायला हवा. कुणाला देश आठवतो, कुणाला अंगणातली भिंत. पण आमच्या आईपर्यंत तो पोचला कसा? मी घरात शिरले आणि मुलीला पकडलं. "आजीला काय सांगितलंस तू?"

"मी? काही नाही. आजी विचारली, तुझी आई मामाशी लपून काय बोलते. मी बोलले, पार्टिशन."

"आणि?"

"ती विचारली पार्टिशन म्हणजे काय. मी बोलले, जे एक आहे ना, घरचं, त्याचा भाग करणार. एक छोटा भाग, एक मोठा भाग."

आमच्या मुलीचं मराठी घरापुरतं आहे. बाहेर बंगाली, शाळेत इंग्रजी, आणि मराठी म्हणजे जेवण, भांडण आणि आजी. मला पुढचं ऐकायची भीती वाटायला लागली. "आणखी काय बोललीस?"

"आजी विचारली छोटा कुणाचा. मी बोलले, छोट्यात आई काम करणार. आणि मोठ्याला हात लावायचा नाही, असं मामा बोलला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "चूक बोलले?"

चूक कुठे बोलली होती? एक अक्षर चुकीचं नव्हतं! मी कपाळावर हात मारून घेतला आणि तशीच आईच्या खोलीत गेले.

आई पलंगावर बसली होती. बॅग भरलेली. मी तोंड उघडायच्या आत तिने हात वर केला. "आधी माझं ऐकून घे. मी रागावलेली नाही. आज ना उद्या करायचीच असते वाटणी. माझ्या डोळ्यांदेखत केलीत तर निदान भांडणं होणार नाहीत. फक्त लपूनछपून का करता, मी काय परकी आहे? छोटं तुला आणि मोठं त्याला, तेही मला मान्य आहे. तू कुठे राहायला येणार आहेस तिथे. भिंत घाला, नाहीतर विकून टाका, पेरू तेवढा तोडू नका." तिचा आवाज इथपर्यंत अगदी ठाम होता. मग ती पदराशी चाळा करायला लागली. "मला काही नको. माझ्या वाटणीला ते मशीन द्या. त्यात हे आहेत."

मी आधी हसले. खरंच हसले, खो खो. आणि हसता हसता मला जे रडू फुटलं ते थांबेचना. आई घाबरली. "अगं, काय झालं? मशीन तुला हवंय का? बरं, तुला घे."

"आई, घराची नाही गं वाटणी," मी म्हटलं. "त्या मशीनचीच आहे." आणि मग सगळं सांगितलं. पेन ड्राइव्ह, डिस्क, छोटा भाग, मोठा भाग, आणि कॉपी कुणाकडेच नाही हेही.

आई म्हणाली, "म्हणजे नेट गेलं नव्हतं."

"नाही."

"हे आतच आहेत?"

"आहेत. पण बाहेर काढता येतील की नाही ते रविवारी कळेल."

"त्यापेक्षा घराची वाटणी बरी होती गं," आई म्हणाली आणि उठून टीव्हीच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

रविवारी सकाळी ती अंघोळ करून, चांगली साडी नेसून त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसली. मी म्हटलं, तू आत पड, झालं की हाक मारते. "मी इथेच बसणार," म्हणाली. माशीमांना खरा प्रकार कळल्यावर त्या इतक्या खजील झाल्या होत्या की घरची सगळी कामं टाकून आल्या आणि आईचा हात धरून शेजारी बसल्या. दादा व्हिडिओवर होता, फोन मी लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. मुलीने त्याच्याकडून शिकून एका नव्या पेन ड्राइव्हवर सिस्टम उतरवून आणली होती.

पेन ड्राइव्ह खोचून मशीन सुरू केलं. निळी स्क्रीन आली. पहिलाच प्रश्न, कुठे इन्स्टॉल करू? आणि त्यातला पहिलाच पर्याय आपणहून निवडून तयार होता.

"काय म्हणतंय?" आईने विचारलं.

मुलीने वाचलं, "पूर्ण डिस्क पुसून वापरा."

"मोठ्याला हात लावायचा नाही!" आई खुर्चीतून अर्धी उठली.

"आई, बरोबर!" दादा बरणीवरून ओरडला.

"तू बोलू नकोस. तूच यांना इथे कोंबून गेलास."

मी बाणाचं बटण दाबत खाली आले. स्वतः निवडा, असा पर्याय होता. तो घेतला. आता दोन ओळी आल्या. दोन्हींची नावं सारखी, फक्त शेवटचा आकडा वेगळा. मी म्हटलं, "दादा, दोन आहेत. वरची की खालची?"

दादा उत्तर देईना. वळून बघितलं तर त्याचं तोंड उघडं, हात हवेत, आणि चित्र गोठलेलं. मी हाका मारल्या. मुलीने फोन हलवला. फोन लावून बघितला तर तोही लागेना.

"नेट गेलं," मुलगी म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं. "या वेळी खरंच गेलं ना?"

मी थांबायला हवं होतं, कबूल. तासाभराने नेट आलं असतं, काही बिघडत नव्हतं. पण आठवडाभर थांबून थांबून माझा जीव नुसता वर-खाली होत होता, आणि आता पाऊल टाकायच्या वेळी उभं राहणं मला शक्य नव्हतं. मी चष्मा पुसला आणि स्क्रीनला नाक लावलं. ओळींच्या शेवटी आकार लिहिला होता. खालची ओळ केवढी तरी मोठी होती. वरची चिमूटभर. मी पुन्हा वाचलं. मुलीला वाचायला लावलं. मग पुन्हा मी वाचलं.

"छोटा कुठला?" आईने विचारलं.

"हा. वरचा."

"नक्की?"

"नक्की."

"मग दाब," आई म्हणाली. "छोटा तुझ्याच वाट्याचा आहे."

मी दाबलं. एक पट्टी हळूहळू भरायला लागली. ती भरेपर्यंत मी गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत गेले. नदीवरून भोंगा झाला. माशीमा तोंडातल्या तोंडात दुर्गेचं नाव घेत होत्या. आई हलली नाही, त्या पट्टीवरची नजर तिने काढली नाही.

झालं. पेन ड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा, असं लिहून आलं. काढला, सुरू केलं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं. बूट करण्याजोगं काही सापडत नाही.

मी खाली फरशीवरच बसले. मीच केलं हे, असंच मला वाटलं. घाई केली, दादासाठी थांबले नाही, बाबांना पुसून टाकलं. आईकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात बरणीवरून आवाज आला, "काय झालं? कुठवर आलात?" दादा परत आला होता. मी त्याला रडत रडत सांगितलं. तो म्हणाला, "अगं वेडे, ते अजून पेन ड्राइव्हलाच शोधतंय. सवय आहे त्याला. सेटिंगमध्ये जा आणि सांग की आधी डिस्क बघ." त्याने बटण सांगितलं, मुलीने दाबलं, यादीत डिस्क वर आणली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

घुं घुं.

आईने माशीमांचा हात इतका घट्ट दाबला की त्या कळवळल्या. पण टीव्हीवर आजोबांचं बटण उघडलं तर आत काहीच नव्हतं. कोरं. दादा संथपणे म्हणाला, "घाबरू नका. नव्या सिस्टमला मोठा भाग अजून दाखवलेला नाही. ओळख करून द्यावी लागते." आणि मुलीला एकेक शब्द सांगत गेला. तिने टाईप केलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर. आणि स्क्रीनवर नावांची रांग लागली. सगळे रविवार.

"आधी कॉपी करा!" दादा ओरडत होता. "नवी डिस्क आणलीय ना? वाजवू नका, आधी कॉपी!" त्याचं कुणी ऐकलं नाही. आई उठली, स्वतः पुढे झाली आणि बटण दाबलं.

बाबांनी घसा साफ केला. "नमस्कार. घरच्या बातम्या." वाण्याने दिलेल्या डाळीत खडे होते. चिरंजीवांनी सायकल गटारात घातली. चिरंजीव पुण्यात बरणीवर डोळे पुसत होते. माझी मुलगी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून ऐकत होती, आणि माशीमांना एक शब्द कळत नसताना त्या मान डोलावत होत्या. मी आईकडे बघत होते. ती खुर्चीवर बसली नव्हती. टीव्हीसमोर उभी होती, पदर खांद्यावरून नीट घेऊन.

"आता ऐकू या," बाबा म्हणाले, "स्वयंपाकघरातून आमच्या वार्ताहर."

भांडी वाजली. आणि त्या जुन्या आईने मला वेळ नाही म्हणून ओरडायच्या आतच आमची आई बोलली, मोठ्याने, एकेक शब्द सावकाश, जसं त्या डबीत बोलायचं असतं तसं.

"अहो, आज वाटणी झाली. माझ्या वाटणीला तुम्ही आलात."

"बरं," बाबा म्हणाले. "नोंद घेतली आहे. आता हवामान."